कृपया डोळे मिचकावा

घरात वायफाय बसवायला किती वेळ लागतो, असं मी वर्षालीला फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अर्धा तास, बाबा." माझी मुलगी बेंगळुरूला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, त्यामुळे तिच्या शब्दावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. तो अर्धा तास आमच्या काळेवाडीत अकरा दिवस चालला.

मुळात मला वायफाय नकोच होतं. मला पुस्तकं हवी होती. वर्षालीने कुरियरने एक यंत्र पाठवलं होतं. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, वर जुन्या टेलिफोनसारखी आकड्यांची बटणं, आणि कुठलंही बटण दाबलं की ते बोलायचं. अंधांच्या ग्रंथालयातून पुस्तकं त्यात आपोआप उतरतात आणि कानाला लावून ऐकता येतात. फक्त घरात नेट पाहिजे.

मला दिसत नाही, हे सांगायचं राहिलं. चार वर्षांचा असताना मला देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पापण्या तेव्हापासून बंद. त्याला आता बासष्ट वर्षं झाली, त्यामुळे त्यात विशेष काही राहिलेलं नाही. पिंपरीच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मी टेलिफोन ऑपरेटर होतो. चारशे एक्स्टेन्शन नंबर मला पाठ होते, आणि 'हॅलो'वरून साहेबांचा मूड कसा आहे ते मी सांगायचो. निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी त्यांनी रेकॉर्ड केलेली बाई बसवली. तिला मूड कळत नाही, पण ती चहा मागत नाही.

माझी बायको गिरजा होती तोवर रोज सकाळी ती मला पेपर वाचून दाखवायची, निधनवार्ता गाळून. ती गेल्याला दोन वर्षं झाली. पेपर तेव्हाच बंद केला. आता घरात आवाज म्हणाल तर फ्रीजचा, आणि तोसुद्धा मधूनमधून.

तर वायफाय. पहिल्याच दिवशी बातमी वरच्या मजल्यावरच्या सुमनताईंपर्यंत गेली. कशी गेली ते विचारू नका. आमच्या समाधान अपार्टमेंटमध्ये बातमीला वायर लागत नाही. सुमनताई इथल्या मूळच्या, मावळातल्या. कामगारांचे डबे करतात. हात पुसत पुसतच आल्या.

"काका, तुमी त्यो डबा लावताय म्हणं घरात?"

"हो. पुस्तकांसाठी."

"माझ्या भावजयीनं लावला, तर तिचा कढीपत्ता वाळला की वो. आख्खं झाड. लहरी निघत्यात त्यातनं."

मी म्हटलं, माझ्याकडे कढीपत्ता नाही. त्यांनी हातातला पदर झटकला. मग म्हणाल्या, "पण तुमी हायसा की."

हा मुद्दा बिनतोड होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी धम्मरत्न गायकवाड आले. गायकवाड चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. आलेला माल नापास करणं, हे त्यांनी छत्तीस वर्षं निष्ठेने केलं. निवृत्त झाल्यापासून माल येत नाही, म्हणून ते सोसायटीचे अर्ज नापास करतात.

"शेलार, भिंतीला भोक पाडणार, म्हणजे सोसायटीची परवानगी लागेल. लेखी अर्ज करा."

"गायकवाड, मी लेखी?"

त्यांच्या ते लक्षात आलं. माणूस मनाने फार चांगला. "तुम्ही सांगा," ते म्हणाले, "मी लिहितो." त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, माझ्या टेबलाशी बसून 'माननीय सेक्रेटरी महोदय' अशी सुरुवात केली, आणि स्वतःला उद्देशून एक अतिशय नम्र अर्ज लिहिला. मला वाचून दाखवला. मी सही केली. मग तो घेऊन ते वर गेले आणि तासाभराने परत आले.

"अर्ज परत केलाय," ते म्हणाले. "तारीख नाही."

"पण लिहिला तुम्हीच."

"लिहिताना मी तुमचा माणूस होतो, शेलार. तपासताना सोसायटीचा."

तारखेचा अर्ज तिसऱ्या दिवशी झाला. त्यात भोकाचा व्यास नव्हता. चौथ्या दिवशी व्यासासकट पास झाला. या निमित्ताने गायकवाडांनी माझ्याकडे चार वेळा चहा घेतला, हे नोंदवून ठेवतो. त्याआधीच्या दोन वर्षांत ते एकदाच आले होते, गिरजाच्या दहाव्याला.

पाचव्या दिवशी रविराज आला. हा कनेक्शन बसवणारा. लातूरकडचा, चाळिशीचा, खिशात किल्ल्यांचा मोठा जुडगा आणि तोंडात कायम 'करून टाकू की'. त्याने ड्रिल चालू केलं. सुमनताई जिन्यातून आणि गायकवाड दारातून एकाच वेळी सूचना करत होते. वीस मिनिटांत भिंतीतून वायर आत आली.

"काका, डबा कुठं लावू?"

"जिथे सोयीचं असेल तिथे."

"करून टाकू की," तो म्हणाला, आणि त्याने करून टाकलं.

मग आली ओळख पटवण्याची पायरी. रविराजने त्याचा मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. त्यातून एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "कृपया डोळे मिचकावा."

मी म्हटलं, "कुणाला?"

"तसं नाही काका, उघडझाप करायची. जिवंत माणूस हाय का फोटो, हे बघते ती."

"मी बोलतोय की. फोटो बोलतो का?"

"बोलल्यालं तिला कळत नाही. डोळेच पायजेत."

"कृपया डोळे मिचकावा," बाई पुन्हा म्हणाली. सहासष्टाव्या वर्षी परक्या बाईने, शेजाऱ्यांच्या देखत, एवढ्या आर्जवाने असं म्हणावं आणि आपल्याला ते जमू नये, यासारखी नामुष्की नाही. मी कपाळ हलवलं, भुवया उडवल्या, गाल फुगवले. सुमनताई म्हणाल्या, "मान हालवून बघा काका." मी मान हलवली. रविराजने शेवटी आपल्या बोटाने माझी पापणी वर करायचा प्रयत्न केला. बाई म्हणाली, "कृपया चौकटीत एकच चेहरा ठेवा."

नवव्या खेपेला तिने जाहीर केलं की जिवंतपणाची खात्री पटलेली नाही.

मी हसलो. म्हटलं, बाईचं बरोबरही असेल. पण दुसरं कुणी हसलं नाही.

"शेलार, माझ्या नावावर घ्या," गायकवाड हळूच म्हणाले. "मी मिचकावतो. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही होतं. घर माझ्या नावावर आहे. विजेचं मीटर माझ्या नावावर आहे. एकतीस वर्षं कंपनीचा प्रत्येक शब्द माझ्या हातातून गेला. आणि आता पुस्तक ऐकायला मी दुसऱ्याचे डोळे उसने घेऊ? मी म्हटलं, "नाही. परवा ऑफिसात जातो."

निघताना रविराज म्हणाला, "काका, ते चालू झालं की फोन करा. मी लांब नाही, कुरुळीला राहतो."

सहाव्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे सुमनताईंनी झेंडूचा हार पाठवला. दर गुरुवारी पाठवतात, गिरजाच्या फोटोसाठी. माझी पद्धत अशी की भिंतीवर हात वर न्यायचा, बोटाला खिळ्याचं टोक लागलं की हार त्यावर अडकवायचा. फोटोला हात लावायचा नाही. काचेवर बोटं उमटतात, आणि ती उमटलेली मला कळणार नाहीत. हार अडकवला, नमस्कार केला, दोन मिनिटं उभा राहिलो, घरात काय काय चाललंय ते तिला सांगितलं. अर्जाचं सांगितलं. डोळे मिचकावायचं सांगितलं. तिला ते आवडलं असतं.

संध्याकाळी डबे पोचवून सुमनताई डोकावल्या आणि दारातच थांबल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "हार कुणाला घातलाय?"

"कुणाला म्हणजे?"

मग त्यांनी माझा हात धरून भिंतीपाशी नेला. खिळ्यावर फोटो नव्हता. प्लॅस्टिकचा चपटा डबा होता, दोन शिंगं वर आलेली, आणि शिंगांवरून हार व्यवस्थित खाली सोडलेला. रविराजला तोच खिळा सोयीचा वाटला होता. गिरजा कपाटावर, पालथी होती.

मी सकाळी एका बंद वायफायला घरची हकिगत सांगत होतो.

सुमनताईंना आधी हसू आलं, ते मी ऐकलं. मग ते मध्येच थांबलं, तेही ऐकलं. त्यांनी पदराने काच पुसली आणि शेजारच्या खिळ्यावर, कॅलेंडर काढून, फोटो लावला. "हितं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "कॅलेंडर तुमाला कशाला पायजे तरी?" हेही बिनतोड होतं.

सातव्या दिवशी ऑफिसात जायचं ठरलं होतं, पण गायकवाडांना सांगवीला लग्न होतं. आठव्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने चिंचवडला त्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या माणसाने गायकवाडांना विचारलं, "यांचं नाव काय?"

"त्यांनाच विचारा," गायकवाड म्हणाले.

"यांचं वय काय?"

"मी इथेच आहे," मी म्हटलं. "डोळे नाहीत, कान आहेत. उलट जरा जास्तच आहेत. मघाशी तुम्ही शेजारच्यांना म्हणालात की हे आता कुठून आलं, तेही ऐकलं."

पुढे सगळं मॅनेजरकडे गेलं. मॅनेजर भला होता. त्याचंही म्हणणं असं की अॅपशिवाय काही होत नाही, पण अॅप अगदी सोपं आहे. ते दाखवायला त्याने मोबाइल स्वतःच्या तोंडासमोर धरला. "कृपया डोळे मिचकावा," बाई म्हणाली. त्याने मिचकावले. "कृपया चष्मा काढा," बाई म्हणाली. त्याने काढला. "कृपया मोबाइल सरळ धरा." चष्म्याशिवाय त्याला मोबाइल कुठे सरळ आहे ते दिसेना. पाचव्या वेळी बाईने त्याच्याही जिवंतपणाची खात्री पटत नसल्याचं सांगितलं. सगळं ऑफिस हसलं, आणि मला त्या माणसाबद्दल एकदम जवळीक वाटली.

मग कुणीतरी खालच्या कपाटातून जुना कागदी फॉर्म काढला. काउंटरवरच्याने शाईचा पॅड पुढे सरकवला, "अंगठा द्या." मी म्हटलं, "पेन द्या." सही केली. ज्योतीराम शेलार, खाली रेघ. गायकवाडांनी फॉर्म उचलला, वरपासून खालपर्यंत तपासला, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, एका फटक्यात पास केला.

दहाव्या दिवशी दुपारी कनेक्शन चालू झालं. राहिला पासवर्ड. तो डब्याच्या मागे चिकटवलेल्या कागदावर छापलेला होता, अक्षरं मुंगीएवढी. माझ्या यंत्रात तो बटणांनी टाकायचा. दोनचं बटण तीनदा दाबलं की 'सी', तसं. बटणं मला नवीन नव्हती. मी म्हटलं, तुम्ही फक्त वाचा.

गायकवाडांनी भिंग आणलं होतं. "कॅपिटल जी. स्मॉल के. सात. मग ओ."

"त्यो ओ न्हाई, शून्य हाय," सुमनताई म्हणाल्या. "पोटात बारीक हाय बघा."

"ओ आहे."

फोन करून रविराजला बोलावलं. तो म्हणाला, शून्यच. पण पुढची दांडी त्याला 'एल' वाटली, गायकवाडांना कॅपिटल 'आय' आणि सुमनताईंना एक आकडा. शेवटच्या अक्षराबद्दल पाच आहे की 'एस', यावरून गायकवाड आणि रविराज यांचा आवाज चढला. तीन माणसं, सहा डोळे, एक भिंग, आणि एकमत नाही. आयुष्यभर मला वाटत आलं होतं की ज्यांना दिसतं त्यांना सगळं एकसारखंच दिसत असेल. त्या दिवशी माझा फार मोठा गैरसमज दूर झाला.

"थांबा," मी म्हटलं. "ओ किंवा शून्य, दोन. दांडीचे तीन प्रकार. शेवटचे दोन. म्हणजे एकूण बारा शक्यता. मी बाराही टाकतो."

चारशे नंबर डोक्यात ठेवणाऱ्याला बारा काय जड? एकेक टाकत गेलो. यंत्रातली बाई दर वेळी इंग्रजीत सांगायची की जमलं नाही. "काय म्हणतीया ती?" सुमनताई विचारायच्या. "नाही म्हणतीय," मी सांगायचो. आठव्याला चहा झाला. मग लाइट गेली, आणि अकराव्या दिवशी सगळे पुन्हा जमले. नववी शक्यता टाकली. यंत्र बराच वेळ गप्प बसलं. कुणी श्वासही घेत नव्हतं, हे मला ऐकू येत होतं.

"कनेक्टेड," बाई म्हणाली.

सुमनताईंनी टाळी वाजवली. रविराज म्हणाला, "बघा, शून्यच होता." गायकवाड म्हणाले, "आणि आयही होता." मी पहिलं पुस्तक उतरवलं. कुणा सर्कसवाल्याच्या आठवणी होत्या. एक बाई वाचत होत्या, सावकाश, समजून. चौघांनी मिळून पहिलं प्रकरण ऐकलं. मध्ये त्या बाईंनी पान उलटलं, त्याची सळसळ यंत्रातून आली. मी मान वळवली. दोन वर्षांत घरात तो आवाज झाला नव्हता.

मग रविराज पुढच्या कामाला गेला, सुमनताईंची कुकरची शिट्टी झाली, आणि गायकवाड "चला, मार्गी लागलं" म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला तीन कप पाणी ठेवलं. कुणी आलं नाही. येतील कशाला? काम झालं होतं. अर्ज पास होता, वायर आत होती, पासवर्ड सापडला होता. मी दोन कप प्यायलो, एक ओतून दिला. सर्कसवाला दोन दिवसांत संपला. मग एका नर्सबाईंचं आत्मचरित्र ऐकलं. वाचणाऱ्या बाई चांगल्याच होत्या, पण त्यांना काही विचारता येत नाही. एका जागी मी "आँ?" म्हणालो, तर त्या तशाच पुढे गेल्या. जिन्यात चपलांचा आवाज आला की मी यंत्र थांबवायचो. चपला वर जायच्या. मी पुन्हा चालू करायचो.

एकदा मनात आलं, डब्याचं बटण बंद करावं आणि गायकवाडांना हाक मारावी की बघा हो, बिघडलं. भिंतीपर्यंत गेलोसुद्धा. पण स्वतःची लाज वाटली आणि परत आलो.

कनेक्शन लागल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी पहिल्याच घंटीला घेतला. सवय.

"नमस्कार सर, मी उत्कर्षा बोलतेय. आपलं नवीन इंटरनेट कनेक्शन व्यवस्थित चालू आहे का, हे जाणून घ्यायचं होतं. दोन मिनिटं बोलू शकतो का?"

"दोन कशाला, पाच घ्या."

"आमचा माणूस वेळेवर आला होता का?"

मी सांगायला लागलो. रविराजचं सांगितलं, कढीपत्त्याचं सांगितलं. ती मध्ये म्हणाली, "सर, फक्त हो किंवा नाही सांगा." मी हो म्हटलं. "दहापैकी किती गुण द्याल?" मी दहा दिले. कुणी कमी दिले की काय होतं, ते मला माहीत आहे.

"सर्दी झालीय तुम्हाला," मी म्हटलं. "आणि सकाळपासून पाणी प्यायला नाहीत. आवाज टाळूला चिकटतोय. शंभर फोन झाले असतील आज."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "एकशे बारा, सर. तुम्हाला कसं...?"

"मी ऑपरेटर होतो. एकतीस वर्षं. पाणी प्या, मी थांबतो."

ती खरंच प्यायली. बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला, घोट आले, एक, दोन, तीन. तिच्यामागे पन्नासेक मुली एकाच वेळी नमस्कार सर, नमस्कार मॅडम म्हणत होत्या.

"थँक यू, सर," ती म्हणाली. हा आवाज मघाचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. "मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?"

मी विचार केला. सगळं चालू होतं. वायर, डबा, पुस्तकं. काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही ठेवा ना. आम्हाला आधी ठेवायची परवानगी नाही."

"आम्हालाही नव्हती," मी म्हटलं. "समोरचा ठेवेपर्यंत लाइन धरायची."

ती हसली. नाक चोंदलेलं, छोटंसं हसू. आणि मग आम्ही दोघं, आपापल्या नोकरीचे नियम पाळत, नुसते धरून राहिलो. तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या घरात कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं.

एवढ्यात तिच्यामागून बुटांचा आवाज आला. सावकाश, प्रत्येक खुर्चीशी थोडा थांबत पुढे येणारा. सुपरवायझरची चाल कुठल्याही ऑफिसात सारखीच असते.

मी पटकन फोन ठेवून दिला.